ऑटिझमची तपासणी: खोलीत काय होतं आणि घरून काय न्यायचं

डिचोली तालुक्यातल्या एका आईने विचारलं आहे: मुलगा दोन वर्षं पाच महिन्यांचा आहे. हाक मारली तर वळून बघत नाही. चार-पाच शब्द बोलायचा, तेही गेले. काही हवं असलं की आईचा हात धरून ओढत नेतो. बालरोगतज्ज्ञांनी वीस प्रश्नांचा तक्ता भरून घेतला, त्यात ९ गुण आले, आणि ऑटिझमचं मूल्यमापन करून घ्या अशी चिठ्ठी मिळाली. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला. घरात मराठी, शेजारी कोंकणी आणि मोबाइलवर इंग्रजी, त्यामुळे तो गोंधळला असेल का? तपासणीत टोचतात का, औषध देऊन झोपवतात का, किती दिवस लागतात, आणि एकदा शिक्का बसला की शाळेत अडचण येते का?

ऑटिझम म्हणजे माणसांशी देवाणघेवाणीत अडचण आणि वागण्यात तोच-तोपणा असलेली, लहानपणापासूनची विकासातली स्थिती. आधी त्या तक्त्याबद्दल. तो ‘एम-चॅट-आर’. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. ० ते २ गुण म्हणजे धोका कमी. ३ ते ७ आले तर तेच प्रश्न उदाहरणं मागून पुन्हा विचारायचे असतात. ८ किंवा जास्त आले तर मध्ये न थांबता सविस्तर तपासणीला पाठवायचं. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. पण तक्ता ही चाळणी आहे, निदान नव्हे. अमेरिकेत सुमारे १६,००० मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चाळणीत शेवटपर्यंत अडकलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ऑटिझम निघाला. मात्र शंभरातल्या पंच्याण्णवांमध्ये विकासाची काही ना काही अडचण होतीच. म्हणून ९ गुणांवर ‘थोडी वाट पाहू’ हा सल्ला बसत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मायेपोटी आहे, पण उशिरा बोलणं आणि आलेले शब्द जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उशिरा बोलणारं मूल शब्दांवाचूनही बोलत असतं. बोट दाखवतं, तोंडाकडे बघतं, मान हलवतं, हट्टाने तुमचं लक्ष ओढून घेतं. असलेले शब्द गेले, एवढं एक कारणही कुठल्याही वयात तपासणीला पुरेसं आहे. भाषांचं उत्तर सोपं आहे: दोन-तीन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही, बळावतही नाही. त्यासाठी घरातली मराठी बंद करून मोडक्या इंग्रजीत बोलायला लागू नका. मुलाला जी भाषा आईच्या तोंडून सहज आणि भावनेसकट मिळते, तीच त्याच्या कामाची. शब्द मोजतानाही सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. मराठीत ‘पाणी’ आणि कोंकणीत ‘उदक’ म्हणत असेल तर ते दोन शब्द धरा.

आता कुठे जायचं. सरकारी व्यवस्थेत बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि तिथलीच मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, तसंच म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं. स्वयंसेवी संस्थांपैकी ‘संगाथ’ आणि ‘सेतू’ गोव्यात बरीच वर्षं मुलांच्या विकासावर काम करत आहेत. अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडूनही चिठ्ठी मिळू शकते. भेट ठरवताना तीन गोष्टी विचारून घ्या: निदानावर सही कोण करणार, किती भेटी लागतील, आणि लेखी रिपोर्ट मिळेल का. सही विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, मेंदूविकारांचे बालतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांपैकी कुणाची असावी. स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं करायला शिकवणारे) यांचं निरीक्षण फार मोलाचं असतं, पण एकट्या थेरपिस्टने अर्ध्या तासात दिलेलं ‘ऑटिस्टिक वाटतो’ हे निदान होत नाही. साधारणपणे दोन ते चार भेटी, प्रत्येक एक-दोन तासांची, एवढा वेळ धरून चला.

पहिल्या भेटीतला मोठा भाग मुलाचा नसतो, तुमचा असतो. तास-दीड तास नुसते प्रश्न. गरोदरपण, बाळंतपण, बाळ लगेच रडलं का, कावीळ झाली का, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं का, कधी बसला, कधी चालला, पहिला शब्द कुठला, झोप, जेवण, शी-शू, झटके, नात्यातलं लग्न, घराण्यात कुणाला उशिरा बोलणं, फिट्स किंवा शिकण्याच्या अडचणी. रक्ताची कुठलीही चाचणी किंवा मेंदूचा कुठलाही फोटो ऑटिझम दाखवत नाही. निदान उभं राहतं ते दोन पायांवर: तुम्ही सांगितलेलं घरातलं वागणं आणि तज्ज्ञाने डोळ्यांनी पाहिलेलं वागणं. तुमचा पाय कच्चा राहिला तर तपासणीच लंगडी पडते. बहुतेक घरांत इथेच चुकतं, म्हणून हा भाग जरा विस्ताराने सांगायला हवा.

‘बोट दाखवतो का?’ या प्रश्नाला ‘हो, दाखवतो’ हे उत्तर पुरत नाही. बिस्किटाच्या डब्याकडे बोट करणं म्हणजे मागणं. फेरीबोटीतून जाताना पाण्यातल्या बगळ्याकडे बोट करून मग आईकडे वळून बघणं, ‘तू पाहिलास का?’ असं डोळ्यांनी विचारणं, म्हणजे दाखवणं. ऑटिझममध्ये मागणं कित्येकदा असतं, दाखवणं नसतं किंवा तुरळक असतं. सगळा हात पसरणं, हात ओढून नेणं, बोट करणं, या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगा. ‘नावाला वळतो का?’ यालाही तसंच. टीव्ही बंद असताना, मागून, एकदाच हाक मारली तर दहापैकी किती वेळा? चॉकलेटचा कागद वाजवल्यावर वळतो पण नावाला वळत नाही, ही माहिती नुसत्या ‘कधीकधी’पेक्षा कितीतरी उपयोगी. ‘खूप हट्टी आहे’ म्हणू नका. ‘रोजच्या वळणावरून न जाता दुसऱ्या रस्त्याने गेलो तर पाऊण तास रडतो’ असं सांगा. ‘आवाजाला घाबरतो’ऐवजी ‘चवथीत घुमटआरती सुरू झाली की कान दाबून मागीलदारी पळतो, पण मिक्सर चालू असताना त्याला चिकटून उभा राहतो’ असं सांगितलं की समोरच्याला चित्र दिसतं.

शब्द गेले असतील तर कुठले, कोणत्या महिन्यापासून, आणि त्याबरोबर हातांची कामं, चालणं किंवा नजर यांत काही मागे गेलं का, हे नेमकं लिहून ठेवा. ऑटिझममध्ये अशी घसरण दीड-दोन वर्षांच्या आसपास दिसते. त्याहून बऱ्याच मोठ्या वयात झाली, किंवा झटक्यांसह झाली, तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. तारखा आठवत नसतील तर मोबाइल उघडा. पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ तारखेसकट पडलेले असतात, आणि त्यात मूल हाकेला वळतंय का, टाळ्यांच्या वेळी माणसांकडे बघतंय की मेणबत्तीकडे, हे स्पष्ट दिसतं.

नवे व्हिडिओही न्या. पाच-सहा पुरेत, प्रत्येकी एक-दोन मिनिटांचे: जेवताना, एकटा खेळताना, भावंडासोबत, नावाने हाक मारताना, अंगणात किंवा बाजारात, आणि जमलं तर चिडलेला असताना. ‘बोल, बोल, टाटा कर’ असं मागून सांगू नका. सूचना दिल्यावर मूल काय करतं ते आम्ही तपासणारे खोलीत पाहतोच. न सांगता काय करतं, ते व्हिडिओत हवं असतं. सोबत बाळंतपणाचा डिस्चार्ज पेपर, लसीकरणाचं कार्ड, आधीचे रिपोर्ट, आणि मूल बालवाडीत जात असेल तर बाईंनी चार ओळींत लिहिलेलं त्याचं वागणं. आई-बाबा दोघंही आलात तर उत्तम. रोज सांभाळणारी आजी आली तर आणखी चांगलं, कारण दिवसाचे आठ तास तीच बघते. तुमची उत्तरं जुळली नाहीत तरी खोलीत एकमेकांना दुरुस्त करू नका. मूल आजीजवळ एक आणि आईजवळ दुसरं वागतं, ही माहितीच आहे.

मुलाचं निरीक्षण बाहेरून नुसतं खेळणं वाटतं. साबणाचे फुगे, रबरी फुगा, चावीची गाडी, बाहुली, घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत खाऊ. प्रत्येक वस्तूमागे हेतू असतो. फुगे उडवून तज्ज्ञ मध्येच थांबतो आणि गप्प बसतो. मूल आता काय करतं? तोंडाकडे बघतं, ‘अजून’ असा आवाज काढतं, बाटली हातात आणून देतं, की नुसता हात ओढतं? बरणी उघडत नाही तेव्हा ते माणसाला मदत मागतं, की माणसाच्या हाताचं अवजार करतं? बाहुलीला खोटा खोटा घास भरवतं, की तिचे डोळे उघडझाप करत राहतं? गाडी चालवतं, की आडवी धरून चाक फिरवतं? या शांततेत पालकांना राहवत नाही. ‘अरे, माग ना काकांकडे’ असं तोंडून निघून जातं आणि तो प्रसंग वाया जातो. तुम्हाला मध्ये पडायला सांगितलं जाईल तेव्हाच पडा. मूल काही करत नाही म्हणून कसनुसं होतं, हे अगदी समजण्यासारखं आहे. पण इथे पास-नापास नाही. मुलाला कुठे मदत लागते ते दिसावं, यासाठीच ही खोली आहे.

चाचण्यांची नावं कानावर पडतील. ‘एडॉस-२’ हा वरच्यासारखाच ठरीव खेळांचा संच, ४० ते ६० मिनिटांचा, खास प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच करायचा. ‘कार्स’ ही वागण्याला गुण देण्याची मापनी, तिच्यात १५ मुद्दे, एकूण १५ ते ६० गुण, ३० पासून पुढे ऑटिझमचा भाग सुरू होतो. भारतात तयार झालेली ‘आयएनडीटी-एएसडी’ ही निदानाची चाचणी २ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलांच्या मेंदूविकासाच्या अडचणींवरच्या ज्या ‘इन्क्लेन’ अभ्यासात ती वापरली गेली, त्याच्या पाच ठिकाणांपैकी उत्तर गोवा हे एक होतं. एडॉस सगळीकडे नसते, आणि ती झाली नाही म्हणून निदान कच्चं ठरत नाही. शेवटी कसोटी लागते ती डीएसएम-५ या मानसोपचारातल्या निदान-पुस्तकाच्या निकषांवर: माणसांशी देवाणघेवाणीच्या तिन्ही बाजूंत (प्रतिसाद देणं-घेणं, नजर-हावभाव, नाती जोडणं) अडचण, तोच-तोपणा, ठरावीकपणाचा आग्रह, एकाच गोष्टीत गुंतणं आणि संवेदनांची वेगळी प्रतिक्रिया या चारांपैकी किमान दोन, सुरुवात लहानपणीची, आणि रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा. गुण निकालाला आधार देतात, निकाल मात्र माणसाला विचार करूनच द्यावा लागतो. नुसत्या एका आकड्यावर निदान लिहिलेलं दिसलं तर प्रश्न विचारा.

याच्या जोडीला मुलाच्या एकूण विकासाचं माप घेतलं जातं. अडीच वर्षांपर्यंत ‘डॅसी’ ही भारतीय मापनी, पुढे वयानुसार इतर. आणि ‘व्हीएसएमएस’, म्हणजे स्वतःच्या हाताने जेवणं, कपडे, माणसांत मिसळणं यांबद्दल तुम्हाला विचारलेले प्रश्न. घरात घाईघाईत आपणच भरवत असू तर ‘तो करू शकतो, आम्ही करू देत नाही’ असं खरं सांगा. घरातली भाषा सुरुवातीलाच सांगा. मराठीत आणि कोंकणीत वाढलेल्या मुलाला सूचना इंग्रजीत दिल्या तर भाषेचा आकडा उगाच खाली येतो. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असायला हवं.

कानाची तपासणी टाळू नका, मग ‘टीव्हीचा आवाज तर ऐकतो’ असं घरात सगळ्यांचं मत असलं तरी. काही सूर ऐकू येतात आणि काही नाही, असं होऊ शकतं. ओएई, म्हणजे आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी चाचणी, काही मिनिटांत होते. ‘बेरा’ या दुसऱ्या चाचणीत कपाळावर आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवून, कानात टकटक आवाज सोडून मेंदूपर्यंतची नोंद घेतात. सुई नाही, शॉक नाही, पण मूल गाढ झोपलेलं हवं. औषध देऊन झोपवण्याचा तुमचा प्रश्न इथेच लागू पडतो. नैसर्गिक झोप लागली तर औषध लागत नाही. नाहीच लागली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचं सिरप देतात, त्याआधी किती वेळ खायला द्यायचं नाही ते विचारून घ्या. घरी आपल्या मनाने सिरप पाजू नका. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, डोक्याला तेल लावू नका, त्याची चादर आणि दुधाची बाटली बरोबर घ्या. सत्तरी, काणकोण किंवा पेडण्याहून येणाऱ्यांची नेमकी एक गोष्ट चुकते: तासभराच्या प्रवासात मूल गाडीत झोपून घेतं आणि तपासणीच्या खोलीत ताजंतवानं होऊन पळायला लागतं. त्याच्याजवळ मागे बसा, गाणी म्हणा, खिडकी उघडा, काही करून जागं ठेवा. पावसाळ्यात सर्दी झाली असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून निकाल बिघडतो. तेव्हा आधी फोन करून तारीख बदलून घ्या.

अंगतपासणीत डोक्याचा घेर मोजतात, त्वचेवर फिकट पांढरे चट्टे आहेत का ते पाहतात, स्नायूंचा ताण आणि चालणं बघतात. एमआरआय (मेंदूचा फोटो) आणि ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) सरसकट लागत नाहीत. झटके, वेगळ्या तऱ्हेची घसरण किंवा तपासणीत मेंदूविकाराची खूण असेल तरच. एकूण विकासच मागे असेल, किंवा घराण्यात तशी उदाहरणं असतील, तर जनुकीय तपासणी सुचवतात. त्यासाठी रक्त घ्यावं लागतं. माती, चुना, रंगाचे पापुद्रे खाणाऱ्या मुलाचं लोह आणि शिसंही पाहतात. टोचण्याचा प्रसंग आलाच तर एवढाच.

निकाल सांगण्याच्या भेटीला शक्य असेल तर मूल घरी ठेवा आणि दोघांनी या. तीन शक्यता असतात. ऑटिझम आहे. ऑटिझम नाही, पण दुसरं काही आहे: ऐकण्याची कमतरता, भाषेचा विकार, सर्वांगीण मागेपण. किंवा आज ठामपणे सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. तिसरं उत्तर प्रामाणिक असतं, फक्त त्याच्यासोबत मधल्या सहा महिन्यांत काय करायचं हे लिहून मिळालं पाहिजे. ‘ऑटिस्टिक ट्रेट्स’ (ऑटिझमसारखी काही लक्षणं) एवढंच लिहून सोडलेला रिपोर्ट मान्य करू नका. निकष पूर्ण होतात की नाही, हे थेट विचारा. रिपोर्टमध्ये चाचण्यांची नावं, गुण, भाषा, त्या दिवशी मुलाची अवस्था, त्याला काय छान जमतं, आधाराची पातळी (म्हणजे त्याला किती मदत लागते), आणि कुठली थेरपी आठवड्यातून किती वेळ, हे सगळं हवं. आधाराची पातळी आजची असते, ती बदलू शकते. ‘हा पुढे बोलेल का?’ हा प्रश्न प्रत्येक आईच्या ओठांवर असतो. अडीच वर्षांच्या वयात याला खात्रीचं उत्तर कुणीही देत असेल, होकाराचं किंवा नकाराचं, तर जपून राहा. आणि हे तुमच्यामुळे झालेलं नाही. तुम्ही कामावर गेलात म्हणून नाही, लसीमुळेही नाही. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीशी संबंध जोडणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. मोबाइलने ऑटिझम होत नाही, पण तो मुलाशी खेळण्याचा वेळ खातो, म्हणून या वयात बंदच करा. मात्र ‘आधी तीन महिने मोबाइल बंद करून बघू, मग तपासणी’ असं करू नका. दोन्ही एकदम करा.

शाळेचं आणि शिक्क्याचं. निदान आणि अपंगत्वाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदान तुमच्या फाइलमध्ये राहतं, ते कुणाला दाखवायचं हे तुम्ही ठरवता. दाखला तुम्ही अर्ज केला तरच, ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावरून यूडीआयडी या अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, आणि तो वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनंतर मिळतो. तिथे ऑटिझमची तीव्रता मोजणारी ‘इसा’ ही भारतीय मापनी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. लहान मुलांना बहुधा मुदतीचा दाखला मिळतो, म्हणून त्याची घाई आज नको. थेरपी सुरू करायला तो लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेने या कारणावरून प्रवेश नाकारणं त्या कायद्यात बसत नाही. दाखल्यावर ‘निरामय’ आरोग्य विमा एक लाख रुपयांपर्यंत मिळू शकतो, जुन्या करप्रणालीत आयकरातली वजावटही.

निदान झाल्यावर नातेवाइकांकडून आणि जाहिरातींतून उपायांचा पाऊस पडेल. स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांवर लाखो रुपये घालवण्याआधी हे लक्षात ठेवा: राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी हा उपचार सुचवू नये असं स्पष्ट केलं आहे. महिन्याभरात चार ठिकाणी तपासण्याही करू नका. तीच चाचणी थोड्या दिवसांत पुन्हा झाली की मूल सरावतं आणि गुण भरवशाचे राहत नाहीत. दुसरं मत हवं असेल तर पहिला रिपोर्ट सोबत नेऊनच घ्या.

तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली तर ते दोन महिने हातचे घालवू नका. याच आठवड्यात कानाची तपासणी ठरवा आणि स्पीच थेरपीसाठी नाव घाला, त्याला निदानाची वाट पाहावी लागत नाही. घरात दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं जमिनीवर त्याच्यासमोर बसा, चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर आणा. तो गाडीचं चाक फिरवत असेल तर तुम्हीही फिरवा, मग थांबा. झोपाळ्यावर झोका द्या, मध्येच धरून ठेवा, आणि त्याने तुमच्याकडे बघितलं की लगेच ‘सोड!’ म्हणून सोडा. पेजेचा वाडगा पूर्ण भरून देण्याऐवजी दोन चमचे द्या, म्हणजे त्याला तुमच्याकडे पुन्हा यावं लागेल. प्रश्न कमी विचारा, तो जे करतोय ते एक-दोन शब्दांत मराठीत बोलत राहा. आणि एका वहीत तारीख घालून लिहा: आज किती वेळा आपण होऊन बघितलं, कुठला नवा आवाज काढला, काय दाखवलं. ती वही पहिल्या भेटीला घेऊन या.